येन्दो

दिवसा सहावीची मुलं बसतात त्या बुटक्या खुर्च्यांवर
संध्याकाळी सातला आम्ही गुडघे दुमडून बसतो:
सॅमनच्या कारखान्यात मासे साफ करणारी विस्लांद,
तिचा भाऊ फ्रित्झनेल, हातांना अजून रबरी मोज्यांचा वास,
आणि मी.
खिडकीबाहेर आन्कूदचं बंदर, अंधारात नुसतेच दिवे.

निल्दा ओयार्सून फळ्यावर लिहितात:
आब्लारचं आब्लान्दो, बोलत.
कोमेरचं कोमिएन्दो, खात.
धातू पुढे, शेपूट मागे, सगळं कसं शिस्तीत.
मग येतं ईर, म्हणजे जाणे.
ईरचं येन्दो.
"बघा," त्या म्हणतात, "शेपूट तेवढी उरलीय.
मांजर केव्हाच गेलं."

मी वहीत लिहिते, येन्दो म्हणजे जात,
आणि हसू येतं.
माझ्या कानाला 'ये' म्हणजे कुणीतरी दार उघडलेलं.

पहिली चूक माझीच.
उद्या जातेय मी पुएर्तो मोन्तला, एवढंच सांगायचं होतं.
मराठीत बिनघोर चालतं,
तसंच उचलून इथे मांडलं:
मान्याना एस्तोय येन्दो.
निल्दांनी खडू खाली ठेवला.
"उद्या उजाडायचाय. बोट धक्क्याला बांधलेली.
आणि तू जातेयस कशी?
ज्याचा दोर सुटला, येन्दो त्याचं."
विस्लांद स्वतःशीच पुटपुटली, म प्राले, म प्राले.
तिच्या भाषेत निघालेला आणि निघणारा
एकाच कोटात मावतात म्हणे.

तासानंतर कधी निल्दांकडे, लाकडाच्या चुलीपाशी.
त्या म्हणाल्या होत्या, दोन एलीसेओ येतील,
आणि मी कप जास्तीचे दोन मांडले.
आला एकच म्हातारा. इथे 'दोन' म्हणजे 'राव'.
एलीसेओ कार्कामो, शेजारचे,
जन्मभर होड्या बांधलेले, पोहता न येणारे.
साडेनऊला टोपी डोक्यावर: बोय येन्दो.
जात जातो, असं काहीतरी.
मग आणखी एक माते, एक मिलकाओ,
केलीनच्या वादळात गेलेल्या मेव्हण्याची गोष्ट.
दहाला उठून उभे: बोय येन्दो.
साडेदहाला दाराच्या कडीवर हात, वारा घरात,
निल्दा ओरडतायत, आत या नाहीतर बाहेर व्हा,
आणि ते उंबऱ्यावर, अजून येन्दो.

एकदा विचारलं त्यांनी, तुमच्याकडे निघताना काय म्हणतात?
म्हटलं, जाते म्हणायचं नसतं. येते म्हणायचं.
"खोटारडे लोक," खूश होऊन म्हणाले,
आणि तीनदा घोकलं. येते. येते. येते.
मी आहे तशी सांगितली होती, बाईची.
पुरुषाची वेगळी असते, हे सांगायचं राहून गेलं.

ऑगस्टात त्यांच्या स्वयंपाकघरात खूप माणसं होती
आणि कुणी चुलीत लाकूड घालत नव्हतं.
निल्दा आतून आल्या, दार हळू ओढून घेतलं,
म्हणाल्या, से नोस एस्ता येन्दो.
मला आधी नियम आठवला.
लाज वाटते, पण आधी नियमच आठवला:
दोर सुटलेलं असेल तरच.

माझी पाळी सकाळी सहाची.
आत गेले. टोपी खिळ्यावर.
काय बोलावं ते कुठल्याच भाषेत सुचेना,
म्हणून पांघरुणाचा कोपरा सरळ केला
आणि सवयीने म्हटलं, येते.

त्यांचे ओठ हलले. बराच वेळ नुसता श्वास.
मग अगदी स्पष्ट, बाईसारखं:
येते.

चूक होती.
मी दुरुस्त केली नाही.